कापडाच्या भावात न धरलेला खर्च

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ‘उत्पादनखर्च’ ही संकल्पना शिकवताना प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे एक साधा प्रयोग करीत आला आहे. आमचे महाविद्यालय मागांच्या गावात आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलामुलींच्या घरी कोणी ना कोणी माग चालवतो, सायझिंगमध्ये राबतो, कांड्या भरतो किंवा प्रोसेस हाऊसमध्ये रंगाच्या यंत्राशी उभा असतो. या मुलांना एक मीटर सुती कापडाचा खर्च मांडावयास सांगायचे. मुले सूत, खळ, वीज, मजुरी, शेडचे भाडे, यंत्राचा घसारा, व्याज, दलाली असे सारे नीट मांडतात. बावन्न पिकांच्या कापडाला मीटरमागे किती पैसे सुटतात, हा हिशेब तर त्यांना प्राध्यापकापेक्षा अधिक चोख येतो. गेल्या वर्षी एका मुलीने वही पुढे करीत विचारले, “सर, बाबांच्या पंपाचे पैसे यात कुठे लिहायचे?” पंप म्हणजे दम लागला की तोंडात मारावयाचा औषधाचा फवारा. तिचे वडील पंचवीस वर्षे एका सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात होते.

तिच्या प्रश्नाची दखल अर्थशास्त्राने घेतलेली नाही असे नव्हे. आर्थर पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत विवेचिली. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली त्याच सूत्राचा विस्तार करून खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. उद्योजक जो खर्च स्वतः न सोसता दुसऱ्याच्या माथी मारतो, तो त्याच्या खतावणीत दिसत नाही. म्हणून वस्तू स्वस्त भासते. सिद्धांत शंभर वर्षांचा आहे. परंतु आपल्या वस्त्रोद्योगात हा खर्च कोणाकोणाच्या माथी आला आणि गेल्या चाळीस वर्षांत तो हिशेबाबाहेर कसा ढकलला गेला, याची चर्चा मात्र आपण क्वचितच करतो.

सोमवारची छाती

कापसाच्या धुळीने फुफ्फुसाला जो विकार जडतो त्याला वैद्यकशास्त्रात ‘बिसिनोसिस’ म्हणतात. कापूस पिंजताना, विंचरताना आणि कातताना बोंडाच्या व पानांच्या कोरड्या चुऱ्याची बारीक धूळ उडते. ती श्वासावाटे आत गेली की श्वासनलिका आकुंचन पावतात. ब्लोरूम आणि कार्डिंग या खात्यांत तिचा उपद्रव सर्वांत अधिक. इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताग-अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला नोंदलेला आहे. तेव्हा हा रोग नवा नाही.

या रोगाची एक खूण मोठी विलक्षण आहे. आरंभीच्या काळात छाती आवळल्यासारखी होते ती आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी. पुढे आठवडाभर त्रास कमी होत जातो. म्हणूनच परदेशी गिरण्यांत त्याला ‘सोमवारचा ताप’ असे नाव पडले. मराठी वाचकाला या सोमवाराचे एक निराळे स्मरण व्हावयास हवे. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि ती मिळवण्यासाठी महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लढा दिला. ज्या सुटीने कामगाराला एक दिवस मोकळा श्वास दिला, तिनेच त्याच्या छातीत काय बिघडले आहे हेही सांगितले. पण ते ऐकणारे कान आपल्याकडे फार थोडे होते. कामगार डॉक्टरकडे जाई तेव्हा कागदावर ‘दमा’ किंवा ‘ब्राँकायटिस’ लिहिले जाई, आणि विडी ओढतोस का, एवढाच प्रश्न विचारला जाई. काही वर्षांनी सोमवारचा त्रास रोजचा होतो आणि मग फुफ्फुसाची हानी भरून येत नाही. त्या अवस्थेत गाठलेल्या माणसाच्या रोगाचे मूळ शोधणे अवघड होते.

ब्रिटनने १९४० च्या दशकाच्या आरंभीच या रोगासाठी भरपाईची योजना केली. आपल्याकडे, कापसाचा हा रोग मुख्यतः थंड देशांतील आहे, असे बरीच वर्षे मानले जाई. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने केलेल्या तपासण्यांनी तो समज खोडून काढला. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस हा कळवणे सक्तीचे असलेला रोग म्हणून आला. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही त्याला स्थान मिळाले. म्हणजे कागदावर भरपाईचा हक्क होता. मात्र रोगाचे निदान झाल्यावाचून भरपाई नाही, आणि तपासणीवाचून निदान नाही, अशी ही साखळी होती. तिची पहिली कडीच कच्ची असल्याने बहुसंख्य कामगार भरपाईपर्यंत पोहोचलेच नाहीत.

गिरणी गेली, हिशेबही गेला

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. मुंबईच्या गिरण्या काही आरोग्यधाम नव्हत्या. साचेखात्यात धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत आणि रोगाला वाट मिळे. त्या उष्ट्या धोट्याच्या निमित्ताने अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यातून बाहेर ठेवले गेले, आणि १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. आरोग्याचा आणि माणुसकीचा प्रश्न तेथे एकाच धोट्याला गुंडाळलेला होता.

तथापि गिरणीची एक गोष्ट मान्य करावयास हवी. तिला दरवाजा होता, हजेरीपट होता, धुराडे होते. एका छपराखाली हजारो माणसे असत. कारखाना निरीक्षकाला पत्ता माहीत असे. राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड कामगाराच्या खिशात असे. युनियनचा माणूस खात्यात उभा असे. दोष असेल तर तो कोणाचा, हे सांगता येई.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे राजकारण पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा एक आर्थिक परिणाम मात्र फारसा चर्चिला जात नाही. कापडाचे उत्पादन गिरणीतून यंत्रमागाकडे सरकण्याची प्रक्रिया आधीच सुरू होती. संपानंतर तिला वेग आला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांचे माग रात्रंदिवस चालू लागले. आज देशातील निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर विणले जाते. याला आपण विकेंद्रीकरण म्हणतो, आणि त्या शब्दाला आपल्याकडे एक गांधीवादी पुण्याई चिकटलेली असल्याने अधिक चौकशी करीत नाही. वस्तुतः विकेंद्रीकरण झाले ते जबाबदारीचेही.

साधा हिशेब पाहा. एक कामगार सहा माग सांभाळतो. चोवीस मागांच्या शेडला एका पाळीत चार माणसे पुरतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांची मिळून आठ. कांडी भरणारी बाई बहुधा आपल्या घरीच बसून काम करते. कारखाने अधिनियमाची रेषा विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांवर होती. शेड तिच्या आतच राहिली. आणि जेथे माग अधिक होते, तेथे ते पत्नी, भाऊ, मुलगा यांच्या नावे वाटले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत कारखान्याची ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यात आली आहे. वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणीची तरतूद संहितेत आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी असलेली ही तरतूद आठ माणसांच्या शेडमध्ये पोहोचावी कशी?

त्या शेडमध्ये सूतगिरणीच्या मानाने धूळ कमी असते, हे खरे. पण नव्वद डेसिबलच्या वर जाणारा आवाज असतो. मागावर आयुष्य काढलेला मनुष्य घरी मोठ्याने बोलतो, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवतो, आणि नातवंडे त्याला चिडवतात. हे वार्धक्य नव्हे. ती कामाने दिलेली बधिरता आहे. तीही भरपाईच्या कायद्यात नोंदलेली आहे, आणि तिचीही नोंद होत नाही.

दुसरा धनको: नदी

कामगाराच्या देहानंतर दुसरे ऋण नदीचे. मागावरून उतरलेले कापड कोरे असते. त्यावरची खळ काढणे, ते उकळणे, विरंजन करणे, रंगवणे, छापणे ही सारी कामे पाण्याची. एक किलो सुती कापड या सर्व क्रियांतून जाण्यास साधारणपणे शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. खळीचा पिष्टमय भाग पाण्यात गेला की तो कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो, आणि मासे तडफडतात. सुती कापडासाठी आज सर्रास वापरले जाणारे रंग धाग्यावर पुरते बसत नाहीत. त्यांचा बराच भाग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. ते धाग्यावर बसावेत म्हणून रंगाच्या प्रत्येक लिटर पाण्यात मूठ-मूठ मीठ घालावे लागते, आणि ते मीठ जवळजवळ सगळे बाहेर पडते.

या मिठाचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. साध्या प्रक्रिया केंद्रात रासायनिक साका बसवून आणि जिवाणूंच्या साहाय्याने पाण्याचा रंग व दुर्गंधी बरीच कमी करता येते. मीठ मात्र या उपायांनी निघत नाही. त्यासाठी पाणी पडद्यातून दाबाने गाळून उरलेला खारट भाग आटवावा लागतो, आणि ते खर्चाचे काम आहे. त्यामुळे पाहणीस आलेल्या पाहुण्यांना काचेच्या भांड्यातील नितळ पाणी दाखवून समाधान देता येते. त्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीला मात्र ते फसवू शकत नाही.

पंचगंगेची कथा सर्वांना ठाऊक आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा हा प्रवाह कोल्हापुरावरून, इचलकरंजीवरून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळतो. तिच्या दुर्दशेचे खापर एकट्या कापडधंद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. शहरांचा मैला आणि साखर कारखान्यांचे सांडपाणी यांचाही वाटा मोठा आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी भयंकर साथ आली आणि माणसे दगावली, ती रंगाच्या पाण्याने नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याने. पण उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा त्या काळ्या पाण्यात आपल्या गावाचा हिस्सा किती, हा प्रश्न कापडवाल्यांना टाळता येणार नाही.

नदीकाठी वसलेल्या या शहराला पुढे पिण्याचे पाणी दुसऱ्या नद्यांतून आणण्याच्या योजना आखाव्या लागल्या. वारणेची योजना तेथील गावांच्या विरोधाने अडली; दूधगंगेवरील सुळकूड योजनेलाही तसाच विरोध झाला. विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांचे म्हणणे कडू असले तरी त्यात तथ्य आहे. ते विचारतात, तुमची नदी तुम्ही राखली असती, तर आमची कशाला मागितली असती? जलवाहिनी, पंप, वीज, आंदोलने आणि गावागावांतील वैर हा सारा खर्च अखेर कोणत्या तरी खात्यावर पडतोच. कापडाच्या भावात तो धरलेला नसतो, एवढेच.

महाराष्ट्राला या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. आपण त्यापूर्वीच, १९६९ साली, स्वतंत्र कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. कायदा करण्यात आपण केंद्राच्याही पुढे होतो. अंमलबजावणीत मात्र तमिळनाडूकडे पाहण्याची वेळ आली आहे. तिरुपूरच्या रंगखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली की सिंचनासाठी बांधलेले ओरातुपाळयम धरण रंगीत, खारट पाण्याचा साठा होऊन बसले. शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट पुरी होईपर्यंत तेथील रंगखाने बंद करण्याचा आदेश दिला. हाहाकार झाला, हजारो कामगारांचे हाल झाले. मात्र त्यानंतर मीठ व पाणी परत मिळवणारी केंद्रे उभी राहिली आणि तिरुपूरची निर्यात बुडाली नाही, उलट वाढली. आटवलेल्या क्षारांच्या कचऱ्याचे काय करावे, हा प्रश्न तेथेही शिल्लक आहे. पण जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते न्यायालयाचा बडगा येताच शक्य झाले, हा धडा विसरता येणार नाही.

परवडत नाही, हा युक्तिवाद

या विवेचनावर एक आक्षेप ठरलेला आहे: हा खर्च घातला तर धंदा बसेल, आणि धंदा बसला तर कामगाराच्या चुलीतच पाणी पडेल. आक्षेप पोकळ नाही. खर्चीवर माग चालवणारा छोटा यंत्रमागधारक स्वतःच एका अर्थाने मजूर आहे; सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, याच्या वाट्याला मीटरमागे काही पैसे. त्याला धूळ शोषणारे यंत्र बसव, कामगाराची तपासणी कर असे फर्मावणे म्हणजे रिकाम्या आडात पोहरा सोडणे.

पण ‘परवडत नाही’ हे वाक्य इतिहासात कोणी कोणी उच्चारले ते पाहावे. १९७८ साली अमेरिकेने गिरण्यांतील कापसाच्या धुळीवर मर्यादा घातली. सूत कातण्याच्या विभागात एक घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम. तेथील गिरणी मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि खर्च व लाभ यांचा ताळा आधी मांडा, असे म्हणाले. १९८१ साली न्यायालयाने उत्तर दिले की, कामगाराच्या आरोग्याला शक्य असेल तितके संरक्षण द्यावे असे कायदेमंडळाने ठरवले, तेव्हाच तो ताळा मांडून झाला आहे. गिरण्यांनी नवी यंत्रे बसवली. धूळ घटली आणि उत्पादकताही वाढली.

दुसरे उदाहरण रंगांचे. ॲनिलीन रंग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली दाखवले. घातक ॲझो रंगांनी रंगवलेल्या कापडावर जर्मनीने बंदी घातली ती १९९० च्या दशकात. आणि मग आपली निर्यात अडेल म्हणून आपणही त्याच दशकात ती घातली. रंग करणाऱ्याचा रोग शंभर वर्षे कोणाला दिसला नाही. कापड नेसणाऱ्याच्या त्वचेला धोका आहे असे कळताच काही वर्षांत कायदा झाला. म्हणजे खर्च परवडतो की नाही, हे बहुधा तो कोण मागतो यावर ठरते.

मग खर्च घ्यावा कोठून? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर सुताच्या पिशवीपाशी आहे. माग लाखो शेडमध्ये विखुरले आहेत; सूतगिरण्या मात्र मोजक्या आहेत आणि त्यांची विक्री करखात्याच्या पुस्तकात नोंदलेली असते. तेथेच सुताच्या किमतीवर एक टक्का आरोग्य उपकर बसवावा. समजा सूत किलोला २५० रुपये आहे आणि एका सदऱ्याला पाव किलो सूत लागते. तर सदऱ्यामागे उपकर साठ-बासष्ट पैसे होतो. यातून प्रत्येक यंत्रमाग केंद्रात श्वसनक्षमता आणि श्रवणशक्ती तपासणारी दवाखाना-गाडी फिरावी, कामगाराची नोंद मालकाच्या नावाने न होता त्याच्या स्वतःच्या नावाने व्हावी, आणि निदान झाल्यास भरपाई या निधीतून मिळावी; मालक कोण हे सिद्ध करण्याचे ओझे रोग्यावर नको. कांडी भरणाऱ्या बायकाही त्या नोंदीत याव्यात.

ही कल्पना हवेतली नाही. विखुरलेल्या, रोज मालक बदलणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्रानेच १९६९ साली माथाडी कायदा करून मंडळे स्थापन केली. बांधकामावर १९९६ पासून उपकर आहे. विडी कामगारांसाठी १९७६ पासून उपकर होता. २०१७ साली वस्तू व सेवा करात तो विसर्जित झाला, याची खंत आहे. या निधीचे पैसे पडून राहण्याचा आणि खाल्ले जाण्याचा अनुभवही आपल्यापाशी आहे. म्हणून निधीचा जमाखर्च आणि प्रत्येक रंगखान्याच्या सांडपाण्याची मोजणी, मिठाच्या आकड्यासह, दरमहा नगरपालिकेच्या दारावर मराठीत लावण्याची सक्ती असावी. प्रक्रियेचा खर्च मात्र प्रदूषकानेच सोसावा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या खटल्यात ते तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितलेच आहे.

त्या मुलीला मी तेव्हा सांगितले की, पंपाचे पैसे उत्पादनखर्चात लिहीत नाहीत. ते कुटुंबाच्या खर्चात जातात. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत ते उत्तर बरोबर होते आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. यंदा तो धडा पुन्हा येईल तेव्हा मी वर्गाला वहीत दोन रकाने अधिक आखावयास सांगणार आहे, एक छातीचा आणि एक नदीचा. त्यांत कोणते आकडे भरावयाचे, हे मुलांना ठाऊक असणार नाही. ते आकडे मिळवून देणे हे शासनाचे, मंडळाचे आणि आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांचे काम आहे, आणि ते आम्ही आजवर केलेले नाही.